चिखलातली चाल

विमलबाईंनी ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं आणि बघताक्षणी त्याचं बारसं करून मोकळ्या झाल्या. "आगो बाय, ही तर चिंबोरी!" सहा पाय, पुढे दोन पकडी, चपटी पाठ आणि चालणं खेकड्यासारखं तिरकं. ते बनवणारी उत्कर्षा आणि तिचा कामातला जोडीदार शौनक या दोघांनी इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याचं मोठं भारदस्त नाव ठेवलं होतं, पेटीवर छापलंही होतं. पण गावाने एकदा नाव ठेवलं की ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. दोन दिवसांत महापालिकेचे कमळाकर साहेबसुद्धा फोनवर सांगायला लागले, "गुरुवारी सकाळी या, चिंबोरी उतरवतोय."

गाव सीवूड्सच्या टॉवरांच्या पायथ्याशी. गाव आणि खाडी यांच्यामध्ये एक मोठा तलाव आहे. शहराचं सांडपाणी-पावसाचं पाणी त्यात साठतं आणि ओहोटीला खाडीत निघून जातं. मधल्या बांधाला मोठी लोखंडी झडप बसवलेली आहे. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरती आली की खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. ना बटण, ना वीज. साहेबलोक तिला फ्लॅप गेट म्हणतात. गाव मात्र अजून उघाडीच म्हणतं, कारण तलावाच्या जागी भातशेती होती तेव्हा तिथे लाकडाची उघाडी होती, आणि विमलबाईंचे यजमान गोटीराम तिची राखण करायचे. शेती गेली, शेताच्या पैशातून भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, गोटीराम ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले द्यायला लागले. उघाडी तेवढी घरात राहिली, कारण मुलगा कुंदन ठेकेदाराकडे तिच्याच कामाला लागला.

आता काम काय, तर झडपेत ओंडका अडकला, प्लास्टिकचा बोंगा अडकला, की ती मिटत नाही. मग कमरेला दोर बांधून कुणीतरी ओहोटीत खाली उतरायचं आणि छातीभर चिखलात उभं राहून हाताने ते सगळं उपसायचं. कुणीतरी म्हणजे कुंदन. गेल्या वर्षी खाली असताना त्याचा पाय झडपेखाली अडकला आणि भरती सुरू झाली. चौघांनी दोर ओढून त्याला वर काढला, तेव्हा नाकातोंडात चिखल गेलेला. पठ्ठ्याने चिखल थुंकला, हसला आणि म्हणाला, "चाय सांगा रे." सगळे हसले. विमलबाई हसल्या नाहीत. तेव्हापासून कुंदन खाली उतरला की त्यांच्या छातीत धडधडायला लागायचं, ते तो न्हाऊन पानावर बसेपर्यंत थांबायचं नाही. त्याला किती वेळा सांगितलं, सोड हे काम. तो म्हणायचा, "आये, काय टेन्शन घेतेस, मना सवय हाय."

म्हणून ही चिंबोरी आल्यावर विमलबाईंना जो आनंद झाला तो सूनबाई घरात आली तेव्हाही झाला नव्हता. सून रंजिता बेलापूरला बँकेत आहे, गुणाची आहे, पण ती काही झडपेखाली उतरणार नव्हती. विमलबाईंनी यंत्राला ओवाळलं, त्याच्या कपाळावर हळदकुंकू लावलं. ते कपाळ नसून कॅमेरा होता. उत्कर्षाने त्यांची पाठ वळल्यावर तो हळूच रुमालाने पुसला.

उत्कर्षा मूळची साताऱ्याकडची. बाप मानसिंग वाशीच्या मार्केटात पोती वाहून म्हातारा झालेला, घर करंजाड्याला, आणि यंत्राचा कारखाना म्हणजे नावड्याजवळ भाड्याने घेतलेला एक गाळा. मुलगी बोलायला मोकळी होती. विमलबाईंशी तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली.

"पोरी, ही तुजी एकटीची करनी?"

"नाही हो मावशी. पाय कसे जोडायचे ते ब्राझीलच्या एकाने आखलंय. गढूळ पाण्यातलं बघायची अक्कल पोलंडच्या एका बाईची. मी ते जोडलं, आपल्या खाडीपुरतं केलं."

"त्यांना कवा भेटलीस?"

"कधीच नाही. त्यांनी आपलं काम सगळ्यांसाठी नेटवर मांडून ठेवलंय. कुणीही घ्यावं, बनवावं. अट एकच, आपण त्यात जी सुधारणा करू तीसुद्धा अशीच उघडी ठेवायची."

विमलबाईंनी गालावर बोट ठेवलं. "आनी लोक ठेवतात?"

"ठेवतात की."

"येडीच हायत मंग," विमलबाई मायेने म्हणाल्या आणि तिच्या पानात आणखी एक बोंबील वाढला.

त्यांना हे नवल वाटावं यात नवल नव्हतं. त्या ज्या घरात सून म्हणून आल्या त्या घराचा शिरस्ताच उलटा होता. त्यांची सासू म्हणजे खाडीतली नावाजलेली बाई. जिथे बाप्ये पाय ठेवायला कचरायचे त्या चिखलातून ही बाई अंगणात फिरावं तशी फिरायची आणि टोपलीभर चिंबोऱ्या घेऊन यायची. ती चिखलात चालते कशी, हे अख्ख्या गावाने डोळे ताणून पाहिलं, कुणाला कळलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिने विमलबाईंना गावदेवीसमोर नेलं, नारळावर हात ठेवायला लावला आणि मग चिखलात नेऊन ती चाल शिकवली. ही फक्त सुनेला द्यायची. लेकीला नाही, कारण लेक ती दुसऱ्या गावाला घेऊन जाते. नवऱ्याला तर नाहीच, कारण नवरा ताडी प्यायला की तोंड उघडतो. विमलबाईंनी बेचाळीस वर्षं शब्द पाळला. गोटीरामांनाही कधी सांगितलं नाही. रंजिताला सांगायचा प्रश्नच आला नाही. तिला चिंबोरी ताटातलीच ठाऊक.

गुरुवारी सकाळी सात वाजता बांधावर निम्मं गाव जमलं होतं. शेजारच्या टॉवरमधले चार-पाच जण फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आले होते, त्यांनीही कॅमेरे इकडे वळवले. पौष महिन्यातली सकाळ, अंगाला गारवा लागत होता. खाडीचं पाणी पार मागे गेलं होतं आणि झडपेपुढे राखाडी चिखल चमकत पसरला होता. झडपेत आडवा एक मोठा ओंडका रुतलेला स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. झडप उघडी राहिली तर खाडी तलावात, आणि तलाव गावाच्या खालच्या आळीत. ओंडका आज निघायलाच हवा होता.

"साडेनवाला पानी चढंल," गोटीरामांनी घड्याळाकडे न बघता जाहीर केलं. "कं करायचा तो त्याच्या आंदी करा."

शौनकने यंत्राला बांधलेला दोर सैल सोडला. चिंबोरी बांधाचा उतार उतरली, चिखलात शिरली. एक पाऊल, दोन, तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातव्या पावलाला तिचा मागचा पाय वर येईना. मोटर घूंऽऽ करून ओरडली, लाल दिवा लागला आणि यंत्र गपगार. दोराने ओढून वर घेतलं. उत्कर्षाने बांधावर मांडी घालून लॅपटॉपमध्ये काहीतरी बदललं, पायाला आणखी जोर दिला. दुसऱ्या खेपेला जोर जास्त झाला, एक पाय उचलायला गेली तर बाकीचे पाच खाली गेले. चिंबोरी पोटापर्यंत रुतली. वर काढायला सहा जण लागले.

"नावड्याला आम्ही चिखल करून पाहिला होता," उत्कर्षा म्हणाली. "चार ट्रक माती आणली होती. तिथे मस्त चालायची."

"माती येगली, खाडी येगली," गोटीराम म्हणाले. या वेळी त्यांच्या सल्ल्याला कुणी हसलं नाही.

कमळाकर साहेब भला माणूस. त्यांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. "उत्कर्षा, मला वाईट वाटतंय. पण पावणेआठ झाले. उद्या पौर्णिमा आहे. झडप मी अशी ठेवू शकत नाही."

कुंदनने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली होती. "अर्ध्या तासाचा काम हाय साहेब," तो नेहमीसारखा हसत म्हणाला. "जाऊन आलो समजा."

विमलबाईंना पहिल्याच पावलाला कळलं होतं काय चुकतंय. तिसऱ्याला खात्री पटली होती. यंत्र सडकेवर चालावं तसं चिखलात चालत होतं, सरळ खाली, सरळ वर. ज्याला चिखल ठाऊक आहे तो असं चालत नाही. पण नारळावरचा हात आठवत होता. एवढ्यात कुंदनने शर्ट बांधावर टाकला आणि दोर कमरेला गुंडाळायला घेतला.

"ए कुंदन! घाल तो शर्ट!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की दोन फ्लेमिंगो उडाले. "पोरी, तुज्या चिंबोरीला चालता येत नाय. मी सांगते कसा चालायचा ते."

गोटीराम तोंड उघडून बायकोकडे बघत राहिले.

उत्कर्षा उठून जवळ आली. "मावशी, सांगा. पण आधी एक सांगते, मागून वाईट वाटायला नको. तुम्ही द्याल ते मला लपवून ठेवता यायचं नाही. ब्राझीलवाल्याने, पोलंडवालीने दिलं तसं मलाही ते मांडावं लागेल. जगात कुणीही वाचेल."

विमलबाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा मुलाच्या उघड्या छातीकडे. "वाचू दे," त्या म्हणाल्या. "वर गेल्यावर सासूचा मी बघून घेईन."

त्यांनी लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला आणि सहासष्टाव्या वर्षी ती बाई बांधावरून खाली चिखलात उतरली. कुंदन "आये!" करत धावला, पण ती तोवर चार पावलं पुढे गेली होती.

"बघ. पाय उचलायचा नाय. उचललास का चिखल धरतो. पयले पाय जाग्यावर फिरवायचा, असा, घुसळल्यावानी. मंग बाजूनं पानी आत जाते. पानी गेला का चिखल सोडतो. मंग टाच वर, मागून बोटं. आनी ज्यो पाय काढायचा त्याच्या उलट्या अंगाला कंबर टाकायची. कंबर! सगला खेळ कंबरेचा हाय. आनी थांबायचा नाय. चिखलात थांबला तो संपला."

आणि त्या चालल्या. पाय फिरायचा, कंबर लचकायची, टाच निघायची, पुन्हा पाय फिरायचा. गावातल्या कुणाच्या हळदीला विमलबाई नाचायला उभ्या राहिल्या की बँजोवाला दमायचा, पण त्यांच्या कंबरेला ही वळणं कुठून आली हे आज लोकांना कळत होतं. शौनक व्हिडिओ घेत होता. उत्कर्षा मोजत होती, "फिरवणं दोन सेकंद, टाच अर्धा सेकंद... मावशी, पुन्हा एकदा, उजवा पाय!" विमलबाईंनी चिखलात आठ फेऱ्या मारल्या आणि त्यांना धापसुद्धा लागली नाही.

"पंचेचाळीस वर्सं!" बांधावर गोटीराम हातवारे करून सगळ्यांना सांगत होते. "पंचेचाळीस वर्सं मी इच्यासंगती संसार केला, मना नाय सांगला! आनी मशीनला सांगला!"

"मशीन ताडी पित नाय," विमलबाई खालून ओरडल्या.

बांध हसून हसून हलला. कमळाकर साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

उत्कर्षाची बोटं लॅपटॉपवर धावत होती. नशीब, चिंबोरीच्या घोट्याला फिरायची सोय होती. ब्राझीलवाल्याने ती कशासाठी ठेवली होती ते त्यालाच ठाऊक, इथे आजवर वापरली गेली नव्हती. फिरव, टाच, बोटं, अंग उलट्या बाजूला. सहा पायांना तेच, एकामागून एक. एकदा चुकलं, चिंबोरी बांधावरच आडवी झाली. दोघांनी तिला उभी केली, पुन्हा लिहिलं. साडेआठ वाजून गेले. गोटीराम दर पाच मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते सांगत होते, आणि कुणी विचारलं नसलं तरी आज सगळे ऐकत होते.

तिसऱ्या खेपेला चिंबोरी चिखलात उतरली आणि तिने पहिलं पाऊल टाकलं. पाय फिरला. पाठ डावीकडे कलली. टाच सुटली. पाय बाहेर आला, पच्च असा आवाज झाला. दुसरा पाय, पाठ उजवीकडे. सातवं पाऊल निघालं. आठवं निघालं. दहाव्या पावलाला कुणीतरी मोबाइलवर हळदीचं गाणं लावलं आणि मग कुणाला आवरणं शक्यच नव्हतं. लोखंडाची चिंबोरी विमलबाईंसारखी कंबर हलवत, ठुमकत ठुमकत झडपेकडे निघाली होती. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, दोघीचौघी बांधावरच नाचायला लागल्या. टॉवरमधल्या एका गृहस्थाने फ्लेमिंगोचा कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून हात वर करून ठेका धरला.

झडपेशी पोचल्यावर चिंबोरीने भोवतालचा चिखल उपसला, पकडीने ओंडक्याला दोराचा हूक अडकवला. वरून गावाने दोर ओढला. कुंदन सगळ्यांत पुढे होता, बांधावर, कोरड्या जागेत, शर्ट घालून. "हैऽऽ या!" तिसऱ्या हिसड्याला ओंडका निघाला आणि झडप घण्णकन खाली बसली. चिंबोरी आली तशी ठुमकत परत आली. उत्कर्षाने तिच्या चिखलाने माखलेल्या पाठीवर चक्क डोकं टेकलं आणि रडली. शौनकला काय करावं ते सुचेना, त्याने तिला चहा आणून दिला.

साडेनवाला पाणी चढलं. गोटीरामांचा शब्द खरा ठरला म्हणून ते दिवसभर छाती काढून फिरणार होते. खाडी फुगत झडपेपर्यंत आली, झडपेवर दाब आला, आणि ती अंगभर घट्ट मिटली. बाहेर पाणी वर वर येत राहिलं. आत तलाव जागचा हलला नाही. लोक पांगायला लागले, कमळाकर साहेब फोनवर कुणाला तरी आनंदाने सगळं पहिल्यापासून सांगत होते. विमलबाई पाय धुवून बांधावर बसल्या होत्या. कुंदन येऊन शेजारी बसला.

तो एकाएकी म्हणाला, "आये, मी लय घाबराचो गो."

विमलबाईंनी मान वळवली.

"दर खेपंला. खाली उतरताना हातपाय थरथराचे. ती चाय सांगाचो ना, ती हात कापताना दिसू नये म्हनून. कप धरला का बरा वाटाचा."

विमलबाईंना वाटलं होतं आपणच एकट्या घाबरतो. वर्षभर एकाच घरात दोघं तेच भय उराशी धरून जेवत होते आणि एकमेकांना हसून दाखवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मंग सोडला का नाय काम? बोल्लास का नाय?"

"सोडला असता," कुंदन म्हणाला. "पन झडप तर व्हतीच ना आये. मी नाय उतरलो तर दुसऱ्या कुनाच्या पोराला उतराया लागला असता."

विमलबाई मनाशी मोजायला लागल्या. किती घरं असतील अशी खाडीकाठाने, इकडे ठाण्यापासून तिकडे पार उरणपर्यंत, आणि त्याच्याही पुढे, समुद्र आहे तिथे तिथे. किती झडपा, किती दोर, आणि बांधावर बसलेल्या किती आया. त्यांनी मुलाचा हात आपल्या मांडीवर घेतला, चांगला दाबून धरला, आणि मग एकदम सोडून उभ्या राहिल्या.

"पोरी!" त्यांनी उत्कर्षाला हाक मारली. ती पेटीत यंत्र भरत होती. "ते तू मांडनार व्हतीस, मांडलास का?"

"घरी गेल्यावर मांडते मावशी. आज रात्री."

"नाय. आथा मांड. आनी थांब, मी सगला सांगितला नाय." विमलबाई जरा खजील झाल्या, पण आवाज खाली आणला नाही. "आज उधानाचा चिखल हाय, पातळ. भांगाच्या दिवसांत, भरती लहान असते ना, तवा तो घट्ट व्हतो. तवा हा पाय फिरवून भागत नाय. तवाची चाल येगली हाय. ती मी मागं ठेवली व्हती."

उत्कर्षाने पेटीतून लॅपटॉप पुन्हा बाहेर काढला. बांधाच्या आतल्या बाजूला, तलावाच्या कडेला, उन्हाने आवळलेल्या चिखलाचा एक पट्टा होता. विमलबाईंनी तिकडे बोट दाखवलं, नुकतेच धुतलेले पाय बघितले, कासोटा पुन्हा खोचला आणि त्यात उतरल्या.